गयाबाईच्या नावाची चिठ्ठी

आलमबाग, लखनौ
१७ फेब्रुवारी १९८०

चि. सौ. उल्का हीस,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

तुम्ही दोघी नागपूरला सुखरूप पोहोचलात हे मला शशिकांतरावांच्या कार्डावरून कळलं. कार्डावर दोन ओळी होत्या, त्यातली एक तुमच्या नव्या पत्त्याची. जावयाने कळवलं, लेकीने नाही, हे माझ्या लक्षात आलं आहे.

चारबाग स्टेशनवर तू जे बोललीस त्याला मी तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही. आईला स्ट्रेचरवरून बर्थवर घ्यायचं होतं आणि हमाल घाई करत होते. तू म्हणालीस, "बाबा, तुमच्या औषधाच्या खिडकीतून सगळ्या आलमबागची हाडं मजबूत झाली. एका आईचीच राहिली." वाक्य झकास होतं. शाळेत मराठी शिकवतेस ते दिसतं. पण झकास वाक्य खरं असतंच असं नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसलो आहे.

आईचा खुबा मोडला तो नळाजवळ पाय घसरून. पाय कुणाचाही घसरतो. तू मेडिकल कॉलेजात एक्स-रे पाहिलास, बाई डॉक्टरांनी तुला उजेडात धरून दाखवलं की हाड कुठे संपतं आणि मांस कुठे सुरू होतं तेच कळत नाही, आणि त्या दिवसापासून तू माझ्याशी बोलणं बंद केलंस. नवरा दवाखान्यात कंपाउंडर, आणि बायकोच्या हाडात कॅल्शियम नाही. दिव्याखाली अंधार म्हणायला लोकांना किती सोपं.

मी एकवीस वर्षं कारखान्याच्या दवाखान्यात काम करतो आहे. या एकवीस वर्षांत तिथली एक गोळी, पट्टीचा एक तुकडा, मलमाचं एक बोट माझ्या घरात आलेलं नाही. तुला गोवर आला तेव्हाही मी औषध बाजारातून आणलं. तू याला हट्ट म्हणतेस. हा हट्ट कुठून आला ते तुला कधी सांगितलं नाही, कारण तू तेव्हा मामाकडे राहून कॉलेज करत होतीस.

एकाहत्तर साली दवाखान्यातून टॉनिकच्या बारा बाटल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसचे बडे बाबू दोन चौकीदार घेऊन आपल्या क्वार्टरवर आले. स्टोअरकीपरच्या घरी गेले नाहीत, डॉक्टरांच्या घरी तर नाहीच नाही. ट्रंक उघडली, गादी उसवली, आणि शेवटी तुझ्या आईचा पिठाचा डबा परातीत उपडा केला. क्वार्टरांची अख्खी लाइन दारात उभी राहून बघत होती. काही सापडलं नाही. जाताना बडे बाबू चौकीदाराला म्हणाले, "इन लोगों को खिड़की पर बिठाओगे तो यही होगा।" इन लोगों म्हणजे कोण, ते तुला समजावायला नको. तीन महिन्यांनी खरा चोर सापडला, स्टोअरकीपरचा मेहुणा. मला येऊन कुणी काही बोललं नाही. तुझ्या आईने त्या दिवशी ते पीठ पुन्हा चाळलं आणि त्याच्याच पोळ्या केल्या.

कर नाही त्याला डर कशाला, असं म्हणणाऱ्याच्या घरातला पिठाचा डबा कधी कुणी उपडा केलेला नसतो. मी त्या दिवसापासून दोरी आणखी आवळली, एवढंच. यात माझं काय चुकलं ते तू मला लिहून कळव. तुझं अक्षर बघून बरेच दिवस झाले.

आईला दूध देत जा. ती नको म्हणेल. पेला तुझ्यासमोर संपवायला लाव.

तुझा,
बाबा


आलमबाग
२० एप्रिल १९८०

चि. सौ. उल्का हीस,
अनेक आशीर्वाद.

दोन महिने झाले, उत्तर नाही. ठीक आहे. मी पोस्टमनला विचारणं सोडलं आहे, कारण आता तोच लांबून हात हलवून नाही म्हणतो.

मी स्वतः स्वयंपाक करतो आहे. हसू नकोस. पोळ्या भारताच्या नकाशासारख्या होतात पण पोट भरतं. आमच्या दवाखान्यातला वॉर्डबॉय जयसिंग, माझ्याच वयाचा आहे, त्याने मला डाळीला फोडणी शिकवली. फोडणी शिकण्यापेक्षा मोठी गोष्ट मी शिकलो ती अशी की आपल्या घरात रोज अर्धा लिटर दूध यायचं आणि ते कुठे जायचं. माझे तीन वेळचे चहा, रात्री माझं दही, आणि तू होतीस तोवर तुझा पेला. एवढ्यात भांडं रिकामं होतं. मी करून पाहिलं, चौथ्या कपाला दूध उरत नाही. तुझी आई कोरा चहा प्यायची. तिला तोच आवडतो असं ती म्हणायची आणि मी तीस वर्षं ते खरं मानलं. माणूस किती सोयीचं ऐकतो बघ.

आणखी एक सांगतो, तुला आठवत नसेल. तुझ्या आजोळी सुकट खायचे, बारके मासे काट्यासकट, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, तीळ. लग्नानंतर आम्ही इथे आलो तेव्हा गयाबाईने येताना सुकटीचं गाठोडं आणलं होतं. पहिल्याच आठवड्यात तिने ती भाजली आणि शेजारची बाई नाकाला पदर लावून बाहेर आली. विचारलं, "बहनजी, आप लोग क्या खाते हैं?" मी त्याच दिवशी ते गाठोडं फेकून दिलं. म्हटलं, इथे नोकरी करायची आहे, वासावरून ओळख पटवून द्यायची नाही. तेव्हापासून आपल्या घरात भात, अरहरची डाळ, बटाटा, पोळी. अगदी सोज्वळ. शेजारीण खूश झाली.

मेडिकल कॉलेजातल्या बाई डॉक्टरांनी मला विचारलं होतं, तुमची बायको खात काय होती. मी ताठ मानेने म्हणालो, साफ-सुथरं शाकाहारी. त्या म्हणाल्या, काट्यासकट खाल्लेले बारके मासे, तीळ, पालेभाजी, दूध, यातलं काहीच ताटात नसेल तर हाड तरी कशाचं बनणार? शरीर मग हाडातूनच उचल घेतं. त्यात तीन बाळंतपणं, आणि उत्तरेला तोंड असलेलं हे क्वार्टर, जिथे अंगावर ऊन म्हणून पडत नाही. ताटात नाही तेव्हाच गोळी द्यायची, म्हणाल्या, जेवणाबरोबर द्यायची, आणि उन्हात बसवायचं. गोळीने ताटाची उणीव भरते पण गोळी म्हणजे काही ताट नव्हे. मी हे सगळं लोकांना हजारदा सांगितलं आहे, जवळजवळ याच शब्दांत.

ती गुडघ्यावर हात टेकून उठायची. डुलत चालायची, लाइनीतली पोरं तिची नक्कल करायची. मी तिला म्हणायचो, वजन कमी कर.

मी पुढच्या मार्चमध्ये रिटायर होतो. विकासनगरला नवी वसाहत होते आहे, तिथे घरासाठी अर्ज केला आहे. अंगण दक्षिणेकडे मिळेल असं पाहतो आहे, दिवसभर ऊन राहील. तिला हे सांग. पावसाळ्यानंतर ती यायला तयार आहे का, तेही विचार. मी तिला जबरदस्ती करणार नाही.

बाबा


आलमबाग
६ जुलै १९८०

चि. सौ. उल्का हीस,
आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. पाच महिन्यांनी आलं तरी आलं. तू ताकाला जाऊन भांडं लपवलं नाहीस, सरळ विचारलंस, हे तुझ्या स्वभावाला धरून झालं. तिथल्या डॉक्टरांना आईचा मागचा इतिहास हवा आहे. पूर्वी कधी कॅल्शियम लिहून दिलं होतं का, ते तिने घेतलं का, किती वर्षं घेतलं.

उत्तर असं की, आमच्या दवाखान्यात कॅल्शियम लॅक्टेटच्या गोळ्या सदर काळात नियमित उपलब्ध होत्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे कामगारांच्या कुटुंबीयांना त्या देण्यात येत असत. प्रत्यक्ष किती घेतल्या हे आईच सांगू शकेल. तिलाच विचारावं.

हे वाचून तू म्हणशील, बाबांनी मला पत्र लिहिलं की ऑफिसला अर्ज केला. तीन कागद फाडून हा चौथा लिहिला आहे.

दसहरी आंबे चांगले आले आहेत. इथला एक माणूस वर्ध्याला जातो आहे, त्याच्याबरोबर पेटी पाठवतो. आई डॉक्टरांना काय म्हणाली ते मला कळव.

बाबा


आलमबाग
५ ऑक्टोबर १९८०

चि. सौ. उल्का हीस,
आशीर्वाद.

तुझं सविस्तर पत्र मिळालं. चार पानं. मी दोनदा वाचलं.

आईने डॉक्टरांना सांगितलं म्हणतेस की तिने गोळ्या सहा वर्षं घेतल्या, रोज दोन, न चुकता, कारण नवराच कंपाउंडर. आणि माझं उत्तरही त्याला जुळलं असं तू लिहितेस. जुळलं असेल.

म्हणून डॉक्टरांचा विचार बदलला. इतकं कॅल्शियम पोटात जाऊनही हाडं अशी, तर दोष ताटाचा नाही, आतल्या ग्रंथीचा असला पाहिजे. त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. गळ्यात मागच्या बाजूला गव्हाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. त्यातली एखादी वाढली की ती हाडातलं कॅल्शियम रक्तात ओढून घेते, मग कितीही खाल्लं तरी व्यर्थ. ती काढावी लागते. त्यासाठी मुंबईला न्यावं लागेल असं ते म्हणतात. तिथे गळा उघडून ग्रंथी शोधतात. कधी पहिल्यांदा सापडते, कधी सापडत नाही.

आईचं वय पन्नास, अशक्तपणा फार. भूल सोसेल का, हे त्यांना विचारून घे.

डॉक्टर हुशार दिसतात. त्यांचं ऐकावं. मी इतक्या लांबून काय सांगणार?

बाबा


आलमबाग
३ नोव्हेंबर १९८०

उल्का,

काल दुपारी केलेली तार तुला मिळाली असेल. नऊ तारखेची मुंबईची तिकिटं परत कर. बारा तारखेचं ऑपरेशन होता कामा नये. तुझी आई गोळ्या घेत नव्हती. एकही नाही. डॉक्टरांना आजच जाऊन सांग.

तार करायला आलमबागच्या पोस्टात गेलो होतो. कागदावर लिहिलं होतं, ऑपरेशन रोको, गोलियाँ कभी नहीं दीं, पत्र आ रहा है. तारबाबू माझ्या ओळखीचा, त्याची बायको गेलं वर्षभर आमच्याच खिडकीवर येत होती. त्याने मजकूर मोठ्याने वाचला. मागे सात-आठ माणसं उभी होती. तो म्हणाला, "किसने नहीं दीं, बाबूजी? नाम नहीं डालेंगे तो समझेंगे कैसे?"

मी म्हणालो, "मैंने। दयाराम ने।"

त्याने नाव घातलं, शब्द मोजले, शिक्का मारला. माझ्याकडे पाहिलं नाही. एकवीस वर्षं मी ज्या गोष्टीला भीत होतो ती एवढीशी निघाली. पण तोवर तुमची मुंबईची तिकिटं निघाली होती.

आता पहिल्यापासून सांगतो. पहिल्या पत्रात मी लिहिलं की दवाखान्यातली गोळी घरात आणली नाही. तू त्यावरच रागावली आहेस, आणि मी तुला त्यावरच रागवू दिलं, कारण खरी गोष्ट त्याहून वाईट आहे. ती गोळी आणायचा प्रश्नच नव्हता. ती तिच्या हक्काची होती. तिच्या नावाची चिठ्ठी होती.

जुलै चौऱ्याहत्तर. गयाबाईच्या कमरेत दुखायचं, मांड्या ठणकायच्या. ती मला न सांगता कारखान्याच्या डॉक्टरांकडे गेली, कारण मीच तिला शिकवलं होतं की घर म्हणजे दवाखाना नाही. डॉक्टरांनी तपासलं आणि चिठ्ठी दिली. कॅल्शियम, दोन वेळा, तीन महिने, पुढे चालू. ती चिठ्ठी घेऊन बायकांच्या रांगेत उभी राहिली. सोमवार होता. ती मला खिडकीतून दिसत नव्हती, फक्त चिठ्ठी आत आली आणि मी वाचलं, गयाबाई, पत्नी दयाराम, कंपाउंडर.

माझ्या मागे बडे बाबू स्टॉक रजिस्टर घेऊन उभे होते. त्या दिवशी तपासणी होती. एकशे ऐंशी गोळ्या माझ्या बायकोच्या नावावर लिहायच्या, आणि समोर सही माझीच करायची. माझ्या डोळ्यांपुढे परातीतलं पीठ आलं. मी चिठ्ठी परत केली आणि तिला, माझ्या बायकोला, हिंदीत म्हणालो, "ख़त्म हो गई हैं। अगले हफ़्ते आइए।"

ती म्हणाली, "अच्छा." आणि बाजूला झाली.

तिच्या मागे फोरमनची बायको लीलावती होती. तिला मी साठ गोळ्या दिल्या. त्याच डब्यातून. झाकण उघडंच होतं.

डॉक्टरांच्या वहीत गयाबाईचं नाव होतं, त्याच्यासमोर माझ्या रजिस्टरात काहीतरी यायला हवं होतं. मी लिहिलं, मरीज़ नहीं आई. अजून आहे ते. परवा जाऊन पाहून आलो, माझं अक्षर त्या वेळी फार छान होतं.

संध्याकाळी तिने मला वाढलं आणि म्हणाली, गोळ्या संपल्या म्हणे. जणू दुसऱ्याच कुणी तिला सांगितलं होतं. मी म्हणालो, हो, वरून मालच येत नाही. दुसऱ्या आठवड्यात नवे डबे आले. तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पहिला महिना जड गेला. मग सोपं झालं. मग मी विसरलो, असं म्हणायला मला आवडलं असतं, पण तेही खोटं आहे.

सत्त्याहत्तर साली कॅल्शियमच्या आठ डब्यांची मुदत संपली. नष्ट करायला तिघांची समिती नेमली, त्यात एक मी. ड्रममध्ये पाणी घेऊन सगळ्या गोळ्या ओतल्या, जयसिंगने बांबूने ढवळलं आणि ते पाणी क्वार्टरांमागच्या नालीत सोडलं. नाली आपल्या नळावरून जाते. तुझी आई भांडी घासत होती, तेव्हा ती धड बसूही शकत नव्हती, बादली पालथी घालून तिच्यावर टेकायची. तिने विचारलं, पाणी पांढरं कसं? मी म्हणालो, डासांसाठी चुना टाकला आहे. मग आत जाऊन सहीची शाई हातावरची धुतली.

मी माझी अब्रू वाचवली, उल्का. तिच्या हाडांवर वाचवली. बडे बाबू तर अठ्ठ्याहत्तर सालीच रिटायर होऊन गावी गेले. जाताना म्हणाले, दयाराम, तू बडा ईमानदार निकला. मी ते घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं होतं. तिने त्या दिवशी शिरा केला.

तू विचारशील की मग पाच ऑक्टोबरला, सगळं समोर दिसत असताना, मी डॉक्टर हुशार आहेत असं कसं लिहिलं. वाटलं, ती स्वतःच घेतल्या म्हणते आहे, तर असू दे. ग्रंथी निघेल, ती बरी होईल आणि कुणाला काही कळणार नाही. मग तुझं तारखेचं पत्र आलं. बारा तारीख. वाचल्यावर मला तिचा गळा दिसायला लागला, काळी पोत घालायची तो. खिडकीवर बसलो तरी दिसे. परवा एका बाईला मी मलमाऐवजी खोकल्याचं औषध दिलं.

तिला माझा खोटेपणा ठाऊक नाही. तिला अजून वाटतं की माल आलाच नव्हता. तरी ती डॉक्टरांना घेतल्या म्हणाली, नवऱ्याच्या दवाखान्याला नावं नकोत म्हणून. हे पत्र तिला वाचून दाखव. सगळं दाखव, रजिस्टरातलं वाक्यसुद्धा. मी तिच्या तोंडावर सांगू शकलो नसतो. तू वाचशील तेव्हा निदान आवाज माझ्या लेकीचा असेल.

माझी शिल्लक रजा आहे. मी येऊ का? ती नको म्हणाली तर येणार नाही.

दयाराम


नागपूर
१६ नोव्हेंबर १९८०

बाबा,

तार वेळेवर मिळाली. ऑपरेशन रद्द केलं. डॉक्टर आधी माझ्यावर ओरडले, मग आईवर, मग त्यांनी शांतपणे सगळं पुन्हा तपासलं. गळ्यातली ग्रंथी काढायचं आता काही कारण दिसत नाही म्हणाले. ताटात नव्हतं आणि अंगावर ऊन नव्हतं, एवढंच ते दुखणं. इंजेक्शनं आणि गोळ्या सुरू झाल्या आहेत. खुब्याचं पूर्वीसारखं होणार नाही, पण बाकीची हाडं वर्षभरात भरतील असं म्हणतात. सकाळी ती गच्चीत उन्हात बसते. सुकट खाते. वास सगळ्या चाळीत जातो.

तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. मला मध्ये दोनदा थांबावं लागलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, पुढं वाच. तिने सांगितलं ते खाली लिहिते आहे. मराठीची शिक्षिका असूनही त्यातला एक शब्द मी सुधारला नाही.

"उल्काच्या बाबाले गयाबाईचा जयभीम.

तुमी लिवलं का मले मालूम नाई. मले मालूम होतं. मी चिठ्ठी घेऊन बाजूले झाली, अन् दवाखान्याच्या नळावर पाय धुवाले थांबली. तेथून खिडकी दिसते. लीलावतीच्या हातात मी पुडी पायली. तिनं वाटेत मले चार गोळ्या देऊ केल्या, म्हने घे बहन, माझ्याजवळ लई हायेत. मी म्हनलं, आमच्या घरी हायेत.

त्या दिवशी तुमच्या मांगं बडे बाबू उभा होता. मले त्याचं धोतर दिसलं. म्हनून मले राग नाई आला. मी म्हनलं, मानसाची नोकरी हाय. पन पुढच्या सोमवारी तो नव्हता. त्याच्या पुढच्या सोमवारीबी नव्हता. मी दोनीबी सोमवारी नळावरून पायलं. मंग मी पायनं सोडून देल्लं.

डाक्तरनं मले इचारलं, बाई, नवरा काय करते? मी म्हनलं, कंपाउंडर हाय. मंग इचारलं, गोळ्या घेतल्या का? आता तुमीच सांगा, मी काय सांगतलं असतं? नाई म्हनली असती तं तो तुमाले काय म्हनला असता? तुमची लाज राखाले मी गळा कापून घ्याले तयार झाली होती. असं मी पुन्हा नाई करनार. हे पक्कं लिव, उल्के.

विकासनगरच्या घराचं मंग पाहू. मले अजून तिकडं याची हिंमत नाई.

तुमी येतो म्हनता तं या. नको नाई म्हनत. येथच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी गोळ्या भेटते. खिडकी आठले उघडते, रांग सहापासून लागते. उल्काले शाळा हाय, मले उभं राहता येत नाई. माह्या नावाची चिठ्ठी घेऊन तुमी उभे राहा. अन् खिडकीतला मानूस संपल्या म्हनला, तं तेथून हालू नका."